पाण्याच्या पेटीतलं मूठभर मीठ

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "यातले मासे कुठे गेले?" माझ्यात मासे नसतात. मी एक जुनी, आरपार दिसणारी, चौकोनी पेटी आहे. लांबी एक फूट, रुंदी एक फूट, उंचीही एक फूट. जिकडून मोजाल तिकडून सारखीच. वरून उघडी. माझ्या पोटात पंचवीस लिटर पाणी मावतं आणि मी माणसाचं काम करते. हसू नका. माणूस होणं तसं फार अवघड नाही, त्याच्यात बरंचसं पाणीच असतं.

नीट सांगते. कॅन्सरच्या गाठीवर कधी कधी किरणांचा उपचार करतात. हे किरण अंगात शिरतात आणि गाठीपर्यंत पोहोचून तिला मारतात. पण ते नेमके किती खोल जातात, हे आधी माहीत हवं. कमी गेले तर गाठ राहील, जास्त गेले तर मागचा चांगला भाग भाजेल. आता जिवंत माणसाच्या पोटात काही पट्टी घालून मोजता येत नाही. म्हणून माझ्यात पाणी भरायचं, किरण माझ्यावर सोडायचे, आणि पाण्यात एक मापक काडी पुढे-मागे, वर-खाली फिरवून बघायचं, किरणांचा जोर कुठे संपला. पाण्यात जितके खोल गेले, अंगातही साधारण तितकेच जाणार. थोडक्यात काय, पेशंटने टेबलावर आडवं व्हायच्या आधी माझी पाळी असते.

माझा जन्म ॲक्रिलिकच्या एका कारखान्यात झाला. नामा नावाच्या कारागिराने माझ्या पाच बाजू जोडल्या. एका बाजूला त्याने किरण आत यायला नखाएवढ्या जाडीची पातळ खिडकी ठेवली. मग मला काठोकाठ भरून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी कागद उचलला, कोरडा ठणठणीत निघाला, तेव्हा म्हणाला, "जा आता, दवाखान्यात नाव काढ."

नाव काढलं मी. मुंबईच्या एका रुग्णालयात, खोलीभर पसरलेल्या भल्यामोठ्या किरण-यंत्रासमोर, दहा वर्षं बसले. सकाळी सकाळी यंत्राची परीक्षा माझ्यावरच व्हायची. मोठमोठे डॉक्टर माझ्याकडे वाकून बघत आणि म्हणत, "आकडे बरोबर आहेत." स्वतःबद्दल याहून गोड काही मी आजवर ऐकलेलं नाही.

मग एक नवी पेटी आली, माझ्या तिप्पट, आपोआप भरणारी, आपोआप रिकामी होणारी. मला कोठीत ठेवलं. वर फायली, फायलींवर पंखा. एकदा कँटीनवाल्यांनी दोन दिवसांसाठी उसनी नेली आणि माझ्यात चिंबोऱ्या, म्हणजे जिवंत खेकडे, ठेवल्या. अकरा होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण नांग्यांचा एक ओरखडा माझ्या डाव्या भिंतीवर अजून आहे. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत निदान सोबत तरी होती.

कोठीतून मला मृणालीने बाहेर काढलं. मृणाली भौतिकशास्त्र शिकलेली, तिशी ओलांडलेली, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी बाई. त्या रुग्णालयात ती पूर्वी शिकाऊ होती. आता उरणच्या बाजूला, मिठागरांच्या पलीकडे खाडीकाठी एक छोटं संशोधन केंद्र आहे, तिथे तिला पेटी हवी होती, आणि तिला माझी आठवण झाली. मला चादरीत गुंडाळून ती भाऊच्या धक्क्यावर आली आणि मोरा बंदराच्या लाँचमध्ये मला मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या कोळणीने चादर उचलून पाहिली.

"गो बाय, यात मासे कोनते ठेवतंस?"

"मासे नाही मावशी, माणूस ठेवते," मृणाली आपल्याच नादात म्हणाली.

कोळीणबाई टोपली उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

केंद्रातलं यंत्र पाहून मी चक्रावले. मला सवय मोठ्या यंत्राची. इथे एक लांबलचक टेबल आणि त्यावर आरसेच आरसे. त्या आरशांवरून लेसरचा झोत उड्या मारत येतो आणि शेवटी हेलियम वायूच्या एका बारीक फवाऱ्यात घुसतो. मोऱ्याहून लाँच सुटली की तिच्या मागे पाणी कसं फुगतं, तशी त्या वायूत लेसरच्या मागे लाट उठते. त्या लाटेवर इलेक्ट्रॉन नावाचे अगदी बारीक कण स्वार होतात आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात एवढा वेग घेतात, की मोठ्या यंत्राला त्यासाठी माणसाच्या उंचीची नळी लागते. मग ते कण थेट माझ्या खिडकीतून आत. मृणालीचं म्हणणं असं, की यंत्र असं आखूड होत गेलं, तर कधीतरी ते तालुक्याच्या दवाखान्यातही मावेल. त्याला अजून अवकाश आहे. आमच्या खोलीतल्या किरणांनी अजून एकाही पेशंटला स्पर्श केलेला नाही. फक्त मला केलाय.

अडचण एकच होती. किरण कधी जास्त खोल जात, कधी कमी. औषधाचा चमचा रोज वेगळ्या मापाचा निघाला तर ते औषध कोण घेईल? शिवाय बाहेरच्या रस्त्याने कंटेनरचा ट्रेलर गेला की आरसे शहारायचे. मृणाली बाहेरच्या खोलीत पडद्यावर रस्ता बघत बसायची, ट्रेलर जाऊ द्यायची आणि मग बटण दाबायची. सात वर्षं ती यामागे होती. शेवटी केंद्राचे प्रमुख गणराज सर म्हणाले, "तीन आठवड्यांनी शुक्रवारी समिती येतेय. पंधरा दिवस किरण रोज तितकेच खोल जातात हे दाखवलंस तर पुढची तीन वर्षं काम चालेल. नाहीतर खोलीला कुलूप. लेसर दुसरीकडे जाईल."

समितीच्या आधीचे अडीच-तीन आठवडे हाताशी होते. मृणालीने शनिवारी संध्याकाळी मला नवं, शुद्ध पाणी भरलं आणि पहिला आकडा घेतला. दर आठवड्याला पाणी बदलायचा नियम आहे, पण ती म्हणाली, "काहीच बदलायला नको. सगळं अगदी आहे तसंच राहू दे." हट्टी माणसं काळजी घेतानाही हट्टानेच घेतात.

आता ठमाबाईंची ओळख करून देते. ठमाबाई सकाळी सात वाजता चावी घेऊन येतात, खोली झाडतात, पुसतात. वय पंचावन्नच्या पुढे, मिठागरावर आयुष्य गेलेली बाई. त्यांची धाकटी बहीण सखुबाई. तिला दोन वर्षांपूर्वी कॅन्सर झाला आणि सहा आठवडे, रविवार-शनिवार सोडून रोज, ठमाबाई तिला किरण घ्यायला मुंबईला घेऊन जात होत्या. पहाटे निघायचं, रांगेत बसायचं, पाच मिनिटं किरण, आणि तिन्हीसांजेला घर. सखुबाई बरी झाली. आता बाजारात तिचा आवाज दुसऱ्या गल्लीत ऐकू जातो. पण ती जा-ये ठमाबाईंच्या हाडांत राहिली होती. म्हणून हे यंत्र त्यांना स्वतःचं वाटायचं. त्यातून रोज कोणी ना कोणी ते बघायला यायचं, "वा, वा," करायचं, आणि ठमाबाई मनात हिशेब करायच्या. एवढी माणसं बघतात म्हणजे दृष्ट लागणार.

सोमवारी सकाळी, मृणाली यायच्या आधी, त्यांनी कनवटीची गाठ सोडली. आत घरचं खडा मीठ. मोहरी आणली नव्हती, पाण्यावर तरंगली असती तर कोणी पाहिली असती. मूठ भरली, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्रावरून तीनदा उतरवली, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या. उतरवलेलं मीठ एकतर चुलीत टाकायचं, नाहीतर पाण्यात. चूल या खोलीत कुठली? भिंतीवर तर आगकाडीवर लाल काट मारलेली पाटी. पाणी मात्र होतं. माझ्यात.

टुबुक.

मित्रांनो, मी आतून ओरडत होते. पण पेटीला तोंड वरच्या बाजूला असतं आणि त्यातून फक्त आत जातं, बाहेर काही येत नाही. मीठ तळाशी बसलं, दुपारी मापक काडी फिरली, तिने ते छान ढवळलं, आणि मृणाली बाहेरच्या खोलीतून आत येईपर्यंत माझं पाणी पुन्हा नितळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रविवार तेवढा सुटीचा.

खारट पाणी जड असतं. त्यात किरण लवकर दमतात. रोज दोन-तीन केसांच्या जाडीएवढे ते अलीकडेच थांबू लागले. पहिले तीन-चार दिवस मृणालीला काही वाटलं नाही. आठवड्याने तिच्या कपाळावर आठी आली. तिने आरसे पुसले, वायूची नळी बदलली, दोन दिवस ट्रेलरवाल्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. आकडा रोज खाली. तिसऱ्या सोमवारपर्यंत फरक दोन मिलिमीटरच्या वर गेला. तुम्ही म्हणाल, दोन मिलिमीटर म्हणजे किती? डोळ्यामागच्या गाठीसाठी ते फार असतं.

त्या दिवशी दुपारी मृणाली माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिली. डबा तसाच. ठमाबाई कचऱ्याची पिशवी न्यायला आल्या.

"मॅडम, जेवला नाय?"

"भूक नाही मावशी."

"बोंबलाची चटनी हाय माझेकडं. भाकरीबरोबर दोन घास खा."

"यंत्र म्हातारं होतंय बहुतेक. रोज थोडी ताकद कमी. शुक्रवारी सगळं बंद होणार."

ठमाबाई खाली बसल्या. "मना सांगा तरी, काय मोजता तुम्ही ह्या पान्यात? मी रोज पुसतंय, पन विचारला नाय कवा."

मग मृणालीने सांगितलं. मी ऐकत होते. इतकं सोपं करून तिने समितीलाही सांगितलं नसेल. "ही पेटी म्हणजे माणूस समजा. हे पाणी म्हणजे त्याचं पोट. तुमच्या सखुबाईंना किरण द्यायच्या आधी अशाच एका पेटीवर मोजून बघितलं असेल. म्हणून पाणी अगदी शुद्ध लागतं. त्यात जरा काही वेगळं गेलं की हिशेब चुकला."

ठमाबाई पुढे वाकल्या. त्यांची नजर माझ्या काठावर गेली. पाणी आटून तिथे एक पांढरी, बारीक, करकरीत रेघ बसली होती. मिठागरावर जन्म काढलेल्या बाईला ती काय आहे हे सांगावं लागत नाही. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, बोट पदराला पुसलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

मंगळवारी सकाळी त्या आल्या, झाडलं, पुसलं. कनवटीला गाठ नव्हती. घरी गेल्या नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या. मृणाली आली.

"मॅडम, मना कामावरना काढायचा असंल तर काढा. पन आधी ऐकून घ्या."

"काय झालं मावशी? सखुबाई बऱ्या आहेत ना?"

"ती बरी हाय. मी ह्या मानसाला रोज मूठभर मीठ चारलाय."

"कुठल्या माणसाला?"

ठमाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मृणालीने आधी ठमाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिने माझ्यात बोट बुडवलं आणि चाटलं. इथे काही चाखू नये अशीही एक पाटी भिंतीवर आहे. मृणाली तिथेच जमिनीवर बसली. रागावली का? रागावली. दोन-तीन मिनिटं चांगलीच.

"मला विचारायचं तरी मावशी."

"तुमी नको बोलला असता."

"अर्थात नको म्हटलं असतं."

"मग? दृष्ट लागली असती तर?"

विज्ञानात दृष्ट मोजायची काडी नाही. मृणाली हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "मीही पाणी बदललं नाही मावशी. नियम होता, मीच मोडला." मग दोघींनी घाईघाईने मला उचललं, मोरीत उपडं केलं, विसळलं, नवं पाणी भरलं. दुपारी आकडा त्या शनिवारी होता तिथेच, जसाच्या तसा. यंत्र म्हातारं झालेलं नव्हतं. माझ्या भिंतींना इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आनंद पाऊण तास टिकला. गणराज सर आले.

"छान. मग जुन्या पाण्यात किती मीठ होतं ते मोजून दे. त्या तेरा दिवसांचा फरक मिठाचाच होता हे दिसलं की झालं."

मृणालीने ठमाबाईंकडे पाहिलं. ठमाबाईंनी मोरीकडे पाहिलं.

"ओतलंत?" सरांनी विचारलं.

"ओतलं."

"म्हणजे पुरावा खाडीत," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. "शुक्रवारपर्यंत तुझ्याकडे सलग तीनच चांगले आकडे असतील. समितीला पंधरा हवेत."

शुक्रवारी समिती आली. तिघे जण. त्यांतले एक पिकल्या मिशांचे डॉक्टर सगळ्यात कमी बोलत होते, म्हणजे ठरवणार तेच होते. मृणालीने आकडे दाखवले. तेरा दिवस घसरण, मग एकदम जागेवर.

"असं का झालं?"

"पाण्यात मीठ गेलं होतं, सर."

"कसं गेलं? किती?"

मृणाली कागद चाळू लागली. ठमाबाईंचं नाव घ्यायचं नाही हे तिने ठरवलं होतं, ते मला दिसत होतं. दाराशी चहाचा ट्रे घेऊन ठमाबाई उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"मी टाकला साहेब. यंत्राची दृष्ट काढून. तेरा दिवस, रोज एक मूठ."

समितीतला एक जण खोकल्यासारखं हसला. मिशांचे डॉक्टर हसले नाहीत. "बाई, मूठ म्हणजे अंदाज. कधी लहान, कधी मोठी. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"अंदाज नाय," ठमाबाई म्हणाल्या. आवाज जरा चढला. "पंचवीस वरसा मासली खारवनाऱ्या बायांना मुठीनं मीठ दिलाय मी. जास्ती गेला तर सासू भांडायची, कमी गेला तर गिऱ्हाईक. माझी मूठ चुकत नाय."

डॉक्टरांनी मिशीवरून बोट फिरवलं. त्यांना मजा वाटू लागली होती. ते मृणालीला म्हणाले, "तुमच्या किरणांच्या आकड्यांवरून काढा, रोज किती मीठ पडलं असेल. कागदावर लिहा, घडी घाला, माझ्याकडे द्या. किरण रोज सारखे असतील, तरच तो आकडा खरा निघेल. मग आपण मूठ तोलू."

मृणालीने लिहिलं. दोनदा पडताळलं. घडी डॉक्टरांच्या खिशात गेली. रसायनांचा तराजू आणला, असा की त्याच्यावर फुंकर घातली तरी आकडा हलतो. स्वयंपाकघरातून खडा मिठाची पिशवी आली. ठमाबाईंनी पदर खोचला, मीठ चिमटीत चोळून पाहिलं, "दमट हाय जरा," म्हणाल्या, आणि पहिली मूठ टाकली.

एकसष्ट ग्रॅम.

दुसरी. एकोणसाठ. तिसरी, साठ. चौथीला एक खडा बाजूला पडला, तो त्यांनी उचलून पुन्हा तराजूत ठेवला, साठ. मघाशी खोकलेला माणूस आता खुर्चीवरून उठून तराजूपाशी आला होता. पाचवी, बासष्ट.

डॉक्टरांनी घडी उघडली. वाचली आणि कागद टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मृणालीच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'रोज सुमारे साठ ग्रॅम. दोन-तीन ग्रॅम इकडे-तिकडे.'

सगळे कागदावर वाकले. बाहेरून एक ट्रेलर गेला, आरसे शहारले, आणि कोणी लक्षही दिलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "म्हणजे किरण तेराही दिवस एका जागी होते. इतके नेमके, की त्यांनी या बाईंची मूठ तोलून दाखवली." त्यांनी थंड झालेला चहा उचलला. "काम चालू ठेवा. आणि पाणी दर सोमवारी बदला."

"बदलते, सर," मृणाली म्हणाली.

"तुम्हाला नाही सांगितलं. या बाईंना सांगितलं. तुम्ही नियम मोडता."

तेव्हापासून मला भरायचं काम ठमाबाईंकडे आहे. दर सोमवारी त्या जुनं पाणी काढतात, माझा काठ बोटाने तपासतात, मऊ फडक्याने पुसतात आणि शुद्ध पाणी हळूहळू सोडतात, बुडबुडा येऊ देत नाहीत. दृष्ट अजूनही काढतात. मूठ मात्र दाराबाहेर नेऊन खाडीत टाकतात. खाडीला त्याने काही फरक पडत नाही. मृणाली ते बघते आणि चष्मा पुसायला लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीचं मागणं फार नसतं. काम झालं की मला रिकामं करा, कोरडं करा, खरखरीत घासणीने घासू नका, माझ्यावर फायली ठेवू नका. चिंबोऱ्या ठेवायच्याच असतील तर आधी विचारा. आणि आणखी एक मागते, ते माझ्यासाठी नाही. कोणाच्या हातून चूक होते आणि तो माणूस सकाळी सकाळी स्वतःहून दाराशी येऊन उभा राहतो. त्याला बाहेर उभं ठेवू नका. आत बोलवा, स्टूल पुढे करा, आणि पाणी ओतून टाकायच्या आधी त्याचं सगळं ऐकून घ्या.